शिवछत्रपतींच्या पराक्रमाची जंजिऱ्यावरील कसोटी

राष्ट्रपुरुषाच्या थोरवीचे मोजमाप बहुधा त्याच्या विजयांवरून केले जाते. शिवछत्रपतींच्या चरित्रातही प्रतापगडावरील १६५९ चा प्रसंग, लाल महालावरील १६६३ चा छापा, आग्र्याहून १६६६ मध्ये झालेली सुटका आणि १६७४ चा राज्याभिषेक ही शिखरे आपल्या दृष्टीसमोर प्रथम उभी राहतात. ही शिखरे खरीच आहेत, आणि त्यांचे वर्णन मराठीत विपुल झालेले आहे. परंतु ह्याच चरित्रात सुमारे बावीस वर्षे सतत चाललेले, राजधानीपासून फारसे दूर नसलेल्या ठिकाणी घडलेले आणि अखेरपर्यंत यश न आलेले एक प्रकरण आहे. ते प्रकरण जंजिऱ्याचे होय. चरित्रग्रंथांत त्याची वासलात पुष्कळदा एखाद्या परिच्छेदात लागते. नायकाच्या अपयशाविषयी बोलण्याचा संकोच हे त्याचे कारण असावे. प्रस्तुत निबंधात ह्याच्या उलट दृष्टी स्वीकारलेली आहे. महाराजांच्या वीरगुणांचे स्वरूप त्यांच्या विजयांइतकेच, किंबहुना काही बाबतींत विजयांहून अधिक स्पष्टपणे, ह्या न जिंकलेल्या दुर्गासमोर दिसून येते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

स्थलविचार

ह्या प्रकरणाचा विचार करण्यास दिघीसारखी दुसरी सोयीची जागा नाही. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर वसलेले आहे. समोर उत्तर तीरावर आगरदांडा, दंडा व राजपुरी ही गावे आहेत. मुखाच्या पाण्यात जंजिऱ्याचा खडक आहे. आणि त्याच्याही पलीकडे, वायव्येस, मुरुडसमोरील कांसा बेटावर पद्मदुर्ग आहे. खाडी आत मांदाडपर्यंत जाते. तिच्या काठच्या कुडे येथील बौद्ध लेण्यांवरून हा जलमार्ग किती जुना आहे ह्याची कल्पना येते. आज दिघीला आधुनिक बंदर झाले आहे आणि आगरदांड्याकडे तरीची ये-जा चालते. परंतु पाण्याची, वाऱ्याची आणि खडकाची मूळची मांडणी बदललेली नाही.

जंजिऱ्याची चित्रे बहुधा राजपुरीच्या बाजूने काढलेली असतात. त्यांत दुर्ग किनाऱ्याच्या अगदी निकट भासतो, आणि हा एवढासा खडक हाती का येऊ नये, असा प्रश्न मनात येतो. दिघीच्या बाजूने पाहिले म्हणजे ह्या प्रश्नाचे रूप पालटते. दुर्गाला दोन तीर आहेत, आणि तिसरी बाजू उघड्या समुद्राची आहे, हे तेथून ध्यानात येते. उत्तर तीरावर मोर्चे बांधून तोफा डागता येतील, परंतु तेवढ्याने खाडीचे मुख बंद होत नाही. आणि दोन्ही तीर हाती आले तरी पश्चिमेकडून येणारी रसद थांबत नाही. तात्पर्य, जमिनीवरील किल्ल्याला घालतात तसा वेढा ह्या दुर्गाला घालणे शक्य नव्हते. ज्याच्या हाती समुद्र, त्याच्या हाती जंजिरा, अशी येथील परिस्थिती होती.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. आज आपल्याला दिसणारी भक्कम तटबंदी शिद्दी सुरूलखानाच्या कारकीर्दीत, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर, पूर्णत्वास गेली. म्हणून आजचा तट पाहून १६५७ किंवा १६७६ मधील वेढ्याचा अंदाज बांधणे अनैतिहासिक ठरेल. महाराजांना अडविणारी मुख्य गोष्ट चुना-दगडाची नव्हती. ती समुद्रावरील सत्तेची होती.

प्रतिपक्ष

वीराचे मोल प्रतिपक्षाच्या मोलावरून ठरते. जंजिऱ्याचे शिद्दी हे आफ्रिकेच्या पूर्व भागातून दक्षिणेत आलेल्या हबशांचे वंशज होत. निजामशाहीत ह्या लोकांनी मोठी पदे मिळविली. मलिक अंबरासारखा कर्ता पुरुष त्यांच्यातूनच निर्माण झाला. १६३६ च्या तहानंतर निजामशाही कोकण आदिलशाहीकडे गेले आणि शिद्दी विजापूरचा सागरी अधिकारी म्हणून दंडा-राजपुरीवर राहिला. किनाऱ्याचा कारभार, हजच्या यात्रेकरूंच्या व व्यापाराच्या जहाजांचे रक्षण आणि स्वतःचे आरमार ह्यांच्या बळावर त्याची सत्ता उभी होती.

महाराजांच्या राज्याला ह्या सत्तेचा उपद्रव होई तो केवळ मानापमानाचा नव्हता. गावे जाळणे, माणसे धरून नेणे, पिकांची नासधूस करणे हे किनाऱ्यावरील रयतेच्या नित्याच्या अनुभवाचे झाले होते. सभासदाने आपल्या बखरीत शिद्दीला घरात शिरलेल्या उंदराची उपमा दिली आहे. ती उपमा हेटाळणीची वाटते, परंतु तीत व्यथाही आहे. कारण उंदीर घर जिंकीत नसला तरी घरातील माणसांना सुखाने झोपू देत नाही. तथापि शिद्द्यांचे धैर्य, त्यांची दर्यावर्दी कुशलता आणि संकटातही दुर्ग न सोडण्याची जिद्द मान्य केल्यावाचून ह्या संघर्षाचा अर्थ लागत नाही. प्रतिपक्षाला क्षुद्र ठरविणारा इतिहासकार आपल्याच नायकाला क्षुद्र करीत असतो.

प्रयत्नांची परंपरा

पहिला प्रयत्न १६५७ चा. त्या वर्षी रघुनाथ बल्लाळ कोरडे ह्यांना दंडा-राजपुरीकडे पाठविण्यात आले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात कल्याण व भिवंडी ही ठाणी हाती आली, आणि तेथे जहाजबांधणीला आरंभ झाला. ह्या कामावर पोर्तुगीज कारागीर नेमले होते, आणि वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना त्याची चिंता वाटून त्यांनी त्या कारागिरांना तेथून फोडले, ही गोष्ट पोर्तुगीज कागदांवरून समजते. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, जंजिऱ्याचा प्रश्न आणि आरमाराची निर्मिती ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत. पुढे १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आणि १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः जलमार्गाने बसरूरच्या स्वारीवर गेले.

दुसरा मोठा प्रयत्न १६६९ मध्ये सुरू झाला. दंडा-राजपुरी मराठ्यांच्या ताब्यात असल्याने जंजिऱ्याचा कोंडमारा झाला आणि दुर्गाचा मुख्य फत्तेखान तडजोडीस तयार झाला. हे यश हाताशी आले असतानाच संबळ, कासिम व खैरियत ह्या शिद्दी सरदारांनी फत्तेखानास कैद केले आणि विजापूरचा पक्ष सोडून औरंगजेबाचा आश्रय घेतला. बादशहाने त्यांना मनसब, याकूतखान हा किताब आणि सुरतेच्या महसुलातून नेमणूक दिली. त्या क्षणापासून जंजिरा हे एका बेटाचे ठाणे राहिले नाही. सुरतेच्या खजिन्याशी जोडलेले ते मोगली आरमाराचे ठाणे झाले.

१६७१ च्या होळीच्या रात्री शिद्दी कासिमने समुद्राकडून व खैरियतने जमिनीकडून हल्ला करून दंडा-राजपुरी परत घेतली. त्या वेळी दारूचे कोठार उडाले. खाफीखान सांगतो की, रायगडाच्या बाजूस निजलेले महाराज त्याच क्षणी जागे झाले आणि दंड्यावर काही अरिष्ट आल्याचे त्यांनी जवळच्यांना सांगितले. खाफीखानाने हे पुष्कळ वर्षांनंतर लिहिले, आणि महाराजांविषयी त्याच्या मनात प्रेम नव्हते. ह्या कथेकडे चमत्कार म्हणून पाहण्याचे कारण नाही. तिच्यातील ऐतिहासिक तथ्य वेगळे आहे: हे ठाणे ह्या राजाच्या मनात झोपेतही जागे असे, ही समजूत शत्रूच्या गोटातही रूढ झाली होती.

ह्यानंतर १६७४ मध्ये साटवलीच्या खाडीत दौलतखान व शिद्दी संबळ ह्यांची झुंज झाली. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे ह्यांनी मोठ्या फौजेनिशी जंजिऱ्याला वेढा दिला. परंतु शिद्दी कासिम आरमार घेऊन आल्यावर वर्षअखेरीस तो उठवावा लागला.

पराभवातून घेतलेला बोध

एवढ्या प्रयत्नांची केवळ यादी केली तर हा हट्ट होता असे कोणी म्हणेल. एकाच दारावर पुनःपुन्हा डोके आपटणे ह्यास पराक्रम म्हणता येत नाही, हे मान्यच आहे. परंतु प्रत्येक प्रयत्नाचे स्वरूप तपासले असता असे दिसते की, महाराज तोच प्रश्न पुनःपुन्हा सोडवीत नव्हते. प्रत्येक पराभवानंतर ते प्रश्नच नव्याने मांडीत होते. १६५७ मध्ये प्रश्न होता, दंडा कसा घ्यावा. त्यानंतर प्रश्न झाला, आरमार कसे उभारावे. १६७१ नंतर तो असा झाला की, शिद्द्याच्या समुद्रात आपले स्थिर ठाणे कसे करावे. ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पद्मदुर्ग.

पद्मदुर्गासंबंधी महाराजांचे १८ जानेवारी १६७५ चे एक पत्र सुप्रसिद्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक ह्याने दौलतखान व दर्यासारंग ह्यांच्या आरमारासाठी ऐवज व धान्य पोहोचविण्याची आज्ञा असता ते पोहोचविले नाही, म्हणून हे पत्र लिहिले गेले. राजपुरीच्या छातीवर आपण दुसरी राजपुरी उभी करीत आहोत, आणि अशा वेळी रसद अडविणारा अधिकारी हबशाचा चाकर झाला की काय, असा त्यातील आशय आहे. आणि जातीचा मुलाहिजा धरला जाणार नाही, हेही त्यात निःसंदिग्धपणे बजावलेले आहे. ह्या पत्रात तलवारीचा उल्लेख नाही. पैसा, धान्य, मुदत आणि जबाबदारी एवढाच त्याचा विषय आहे. तरीही शिवचरित्रातील वीरत्वाचा हा एक अत्यंत बोलका पुरावा आहे, असे मला वाटते. समुद्रातील खडकावर पाथरवट व शिपाई उपाशी राहू नयेत, ह्यासाठी राज्याभिषिक्त राजा एका सुभेदाराशी इतक्या तपशिलाने भांडतो, ह्यात त्याचे रणधैर्य आणि त्याची कारभारदृष्टी ही दोन निराळी नव्हती, हे दिसून येते.

दुसरा बोध माणसांसंबंधीचा आहे. घाटमाथ्यावर वाढलेल्या ह्या राजाने समुद्राचे ज्ञान स्वतःला आहे असा आव आणला नाही. ज्यांना ते होते, त्यांच्या हाती त्याने आरमार सोपविले. दर्यासारंग व दौलतखान हे मुसलमान होते; मायनाक हा भंडारी होता; वल्ही मारणारे आणि प्रवाह ओळखणारे लोक कोळी, भंडारी व गाबीत होते. सभासदाने गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे अशी जहाजांची जी नावे दिली आहेत, ती ह्याच लोकांच्या व्यवहारातील आहेत. जंजिऱ्याच्या खडकावर आरंभी कोळ्यांचाच मेढेकोट होता, अशी स्थानिक परंपरा आहे.

१६७६ च्या वेढ्याच्या संबंधात लाय पाटील ह्या कोळी वीराची कथा सांगितली जाते. त्याने आपल्या सोबत्यांसह रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या; परंतु मागून यावयाची फौज वेळेवर पोहोचली नाही, आणि उजाडण्यापूर्वी त्याला परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तेव्हा दर्यावर राहणाऱ्याला पालखीचा उपयोग काय, असे त्याने नम्रपणे विचारले. म्हणून पालखी ह्याच नावाचे गलबत बांधवून ते त्याला देण्यात आले, अशी ही परंपरा आहे. कथेचा तपशील परंपरेने सजविलेला असणे शक्य आहे. परंतु मोहीम फसली असता आपले काम चोख करणाऱ्याचा गौरव व्हावा, आणि तो त्याला उपयोगी पडेल अशा रूपाने व्हावा, हा लोकस्मृतीने जपलेला विशेष महाराजांच्या इतर वर्तनाशी सुसंगत आहे. मराठी सत्तेचा उदय हे एका व्यक्तीचे साहस नसून समाजाच्या सर्व थरांतील जागृतीचे फळ होय, असे न्यायमूर्ती रानडे ह्यांनी आपल्या १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रतिपादिले. ह्या सिद्धांताचा पडताळा घाटमाथ्याप्रमाणेच राजपुरीच्या खाडीतही येतो.

खांदेरी

तिसरा बोध सर्वांत महत्त्वाचा आहे. कोकणचा समुद्र पावसाळ्यात बंद होतो. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत आरमाराला सुरक्षित आसरा लागतो. शिद्द्याचे आरमार पावसाळ्यात मुंबईस माझगावला येऊन राही. इंग्रजांना ते मनापासून रुचत नसले तरी सुरतेच्या व्यापाराच्या भीतीने त्यांना नाही म्हणवत नसे. म्हणजे जंजिऱ्याची एक मुळी सुरतेत आणि दुसरी मुंबईत होती. १६७८ च्या पावसाळ्यात माझगावला असलेले शिद्द्याचे आरमार जाळण्यासाठी महाराजांनी दौलतखान व दर्यासारंग ह्यांना पनवेलला पाठविले. परंतु खवळलेला समुद्र व पोर्तुगीजांनी नाकारलेली वाट ह्यांमुळे तो बेत सिद्धीस गेला नाही.

तेव्हा १६७९ मध्ये, पावसाळा पुरता सरण्यापूर्वीच, मुंबई बंदराच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर मायनाक भंडाऱ्याने सुमारे दीडशे माणसांनिशी तटाचे काम सुरू केले. ह्याच बेटावर १६७२ मध्ये आरंभिलेले काम सोडून द्यावे लागले होते. आता ते पुन्हा हाती घेतले गेले. इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने त्यांच्यावर हल्ला केला, त्यात ‘डव्ह’ हे इंग्रज जहाज मराठ्यांच्या हाती लागले, आणि ‘रिव्हेंज’ ह्या मोठ्या जहाजाने किग्विनच्या धैर्यामुळे कसाबसा निभाव लावला. मराठ्यांची हलकी गलबते रात्री उथळ पाण्यातून निसटून बेटावर अन्न व दारूगोळा पोहोचवीत राहिली. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तडजोड केली. शिद्द्याने शेजारचे उंदेरी बेट घेऊन प्रत्युत्तर दिले, परंतु खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचे निधन झाले.

जंजिऱ्याच्या तटाशी सुरू झालेला विचार बावीस वर्षांनी मुंबईच्या दाराशी येऊन पोहोचला होता. खांदेरीचे महत्त्व जंजिऱ्यापासून वेगळे करून समजत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत खांदेरी आहे, पद्मदुर्ग नाही. परंतु इतिहासाच्या क्रमात पद्मदुर्ग ही खांदेरीची आधीची पायरी आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

मर्यादा आणि मूल्यमापन

ह्या विवेचनावरून अपयशाला यशाचा मुलामा देण्याचा हेतू नाही. जंजिरा मिळाला नाही. मोठ्या तोफा, त्या चालविणारे कुशल गोलंदाज आणि उघड्या समुद्रात टिकणारी उंच जहाजे ह्यांत मराठी आरमार अखेरपर्यंत उणे राहिले. मोगलांशी, विजापूरशी व कर्नाटकात एकाच वेळी गुंतलेल्या राज्याला एका बेटासाठी सर्व बळ लावणेही शक्य नव्हते. ह्या उणिवांची किंमत किनाऱ्यावरील रयतेने मोजली, हेही नोंदविले पाहिजे.

पुढील पिढ्यांनाही हा दुर्ग साधला नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीकडून समुद्रात भराव घालून सेतू बांधण्याचे धाडसी काम आरंभिले; परंतु कल्याणकडे मोगली फौज उतरल्याने त्यांना वेढा सोडून जावे लागले. १७३३ च्या मोहिमेत रायगड शिद्द्याकडून परत मिळाला, आणि १७३६ मध्ये चिमाजी आप्पांनी शिद्दी सातास लढाईत मारले. तरी खडक अभंगच राहिला. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाले, आणि श्रीवर्धन, म्हसळा व दिघीचा हा किनारा तेव्हाच त्या सत्तेतून बाहेर आला.

मग ह्या प्रकरणातून महाराजांचे कोणते वीरगुण सिद्ध होतात? पहिला, पराभवाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचे धैर्य. आपला उपाय चुकला हे मान्य करून दुसरा उपाय शोधणे हे सत्ताधीशाला रणांगणावरील मृत्यूला सामोरे जाण्याहून अवघड वाटते. दुसरा, कार्य आपल्या आयुष्यापेक्षा दीर्घ आहे हे ओळखून त्यासाठी संस्था उभारण्याची दृष्टी. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आणि जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेचे आंबे-फणस तिच्या संमतीवाचून तोडू नयेत असे बजावले. त्या विचाराची मुळे ह्याच काळात आहेत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी जे सागरी सामर्थ्य दाखविले, तेही ह्याच पायावर. तिसरा, यशाचा वाटा जसा इतरांना द्यावयाचा, तसाच अपयशातही त्यांच्या श्रमांचा मान राखावयाचा, ही न्यायबुद्धी.

विजय हाच पराक्रमाचा एकमेव पुरावा मानला तर इतिहास लवकरच स्तुतिपाठ होतो, आणि स्तुतिपाठात लाय पाटलाला, मायनाकाला किंवा पद्मदुर्गाच्या अनाम पाथरवटांना जागा उरत नाही. हा धोका विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्यांनी विशेषेकरून ओळखला पाहिजे; कारण लोकप्रिय चरित्रे जे गाळतात, ते जपण्याचे काम त्यांच्याकडेच येते.

ह्या दृष्टीने काही कामे आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सुचवावीशी वाटतात. १६७५ च्या पत्राचा अभ्यास मुंबई व सुरतच्या इंग्रजी वखारींच्या पत्रव्यवहाराशी तारीखवार ताडून करता येईल. राजपुरी खाडीच्या दोन्ही तीरांची पाहणी करून भरती-ओहोटी, खोली व वारे ह्यांच्या आधारे प्रत्येक वेढ्याची मांडणी नकाशावर करता येईल. त्यासाठी दिघीचा तीर आजवर फारच दुर्लक्षिला गेला आहे. आणि मुरुड, राजपुरी, दिघी, श्रीवर्धन येथील कोळी, भंडारी व शिद्दी ह्या तिन्ही समाजांच्या घराण्यांतील कागद आणि मौखिक परंपरा सारख्याच आदराने व सारख्याच चिकित्सेने गोळा करता येतील. असे झाल्यास जंजिऱ्याचे प्रकरण शिवचरित्रातील त्याच्या योग्य स्थानी येऊन बसेल.